रागिणी आत्याचा थांबा

"मांगं सरका काका, मांगं सरका! मांगं अख्खं मैदान खाली आहे अन् तुमी दारातच ठाण मांडून बसले. सून आणाले चालले काय?"

ही माझी रागिणी आत्या. एस.टी.त कंडक्टर आहे, अकोला-परतवाडा गाडीवर. घरी पाहुणे आले की चहासोबत तिची नक्कल मागतात. मी काखेत पिशवी मारते, एक पाय दारात अडकवते आणि सुरू होते. सगळ्यात मोठ्यानं हसते ती आत्याच. हसून झालं की चूक काढते. "आवाज बराबर आहे मिठू. पण तू खिडकीबाहेर काहून पाहतं? मी बाहेर पाहतच नाही. मी प्याशिंजराकडे पाहते."

आणि ते खरंच आहे. आत्या गाडीत उभी राहते ती रस्त्याकडे पाठ करून. गाडी कुठं आली हे तिला माणसांवरून कळतं. सगळे एका अंगाला कलले की अंजनगावचं वळण. सगळ्यांच्या माना एकदम पुढं गेल्या की समोर म्हैस. रस्ता पाहायचं काम गजेंद्रभाऊंचं, म्हणजे तिच्या ड्रायव्हरचं. ते म्हणतात, "मॅडम, ब्रेक माह्यापाशी, घंटी तुमच्यापाशी. झालं ना सारखं वाटप?" एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आत्याच्या हातात तेवढंच.

मागच्या वर्षी दहीहंडा गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. आत्या रस्त्याच्या कडेला पन्नासेक चिडलेल्या लोकांची समजूत घालत उभी होती. तेवढ्यात बाजूनं रंगीबेरंगी टोप्या घातलेले सायकलवाले टाटा करत निघून गेले. ती म्हणते, "मले असा राग आला! ना डिझेल, ना धक्का, ना कोणाची कटकट. मी म्हटलं, मले बी पाह्यजे." महिनाभरात तिनं सायकल घेतली, जाड टायरची, डोंगरात चालवायची. डोंगर अकोल्यात नाही, ही गोष्ट तिला दुकानदारानं सांगितली नाही. घेतल्या घेतल्या तिनं त्या सायकलला एक घंटी बसवून आणली. घंटीशिवाय गाडी तिला गाडी वाटतच नाही.

ज्यांनी टाटा केला होता त्यांच्याच ग्रुपात ती गेली. मीही तिच्यामागं लागून गेले. ग्रुपचे कॅप्टन बापूसाहेब. वकिलीतून निवृत्त झाले आहेत, पण कोर्ट त्यांच्या तोंडातून निवृत्त झालेलं नाही. "आता आपण सर्वांनी पोह्यांचा आस्वाद घेण्यास हरकत नसावी." असं ते बाळापूरच्या टपरीवर उभं राहून म्हणतात आणि टपरीवाला घाबरून प्लेट पुन्हा धुतो.

सपाटीवर आत्याला कोणी गाठू शकत नाही. चढावर तर नाहीच. पण उतार लागला की ती उतरते. उड्डाणपूल असो की जुन्या शहराकडे यायचा मोर्णा नदीवरचा पूल, चढून जाते झपाझप आणि वरून खाली येते चालत, सायकल हाताशी धरून, बकरी बाजारात नेल्यासारखी. ग्रुपात त्याला "ताईंचा थांबा" म्हणतात. उतार दिसला की मागून कोणीतरी ओरडतंच, "चला, ताईंचा थांबा आला, उतरून घ्या!" आत्या हसते. पण मी तिच्या शेजारी चालत असते, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसतो.

"मिठू, उतारावर गाडी आपलीआपली पयते ना," तिनं एकदा मला सांगितलं. "मंग चालवून कोण राह्यलं? मी तं नाही. अन् कोणीच चालवून नाही राह्यलं तं मी त्याच्यात बसून काहून राहू?"

यंदा गणपतीनंतर बापूसाहेबांनी जाहीर केलं: दिवाळी झाली की चिखलदऱ्याचा घाट वरून खाली उतरायचा, सायकलवर. त्याआधी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं. परतवाड्याच्या पुढं, घाट लागायच्या अलीकडे, अंकुर नावाच्या एका संत्र्याच्या बागवाल्यानं बागेमागची टेकडी कोरून सायकलींचं पार्क केलं आहे. हिरवी वाट सोपी, निळी मधली, लाल वाट ज्यांच्या ओळखीचा हाडांचा डॉक्टर असेल त्यांनी घ्यावी.

"नियम स्पष्ट आहे," बापूसाहेब म्हणाले. "हिरव्या वाटेवर जो पाय न टेकता खाली येईल, तो घाटात सायकल चालवील. ज्याचा पाय भूमीस लागेल, त्याने जीपमध्ये पिशव्यांसमवेत स्थानापन्न व्हावे."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"सुटीच्या दिवशी बी गाडीत?" आत्या म्हणाली. "मंग तिकिटं बी फाडू काय पिशव्यायची?"

सगळे खो खो हसले. घरी येताना मात्र ती पुलावरून चालत उतरली आणि खाली आल्यावर थांबली. "मिठू, मी त्या जीपमध्ये बसणार नाही. लिहून घे. जिंदगीभर दुसऱ्याच्या ब्रेकावर उभी राह्यली मी."

दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा असते. गजेंद्रभाऊ काचेला हार घालतात आणि आत्या चाकांच्या मधोमध तेलात कालवलेल्या शेंदरानं स्वस्तिक काढते. वर्षानुवर्षं हे काम तिचंच, बोटं लाल होईपर्यंत. तिथून ती घरी आली तीच वाटी घेऊन. यंदा घरीही गाडी होती! सायकल धुतली, हँडलला झेंडूचा हार घातला, घंटीला कुंकू लावलं आणि दोन्ही चाकांच्या मधल्या चकचकीत चकतीवर सुंदर स्वस्तिकं काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे जीपवर सायकली चढवायच्या आधी तिनं ती स्वस्तिकं मऊ फडक्यानं पुसली. चकत्या अशा लखलखल्या की त्यात भांग पाडता आला असता.

पार्कात पोचलो तेव्हा टेकडीवर ऊन नुकतं उतरत होतं. इतका हिरवा डोंगर आणि त्यातून साप सोडल्यासारखी तांबडी वाट! जागोजागी मातीचे उंचवटे, भिंतीसारखी कललेली वळणं. आत्या तर नुसती "बाप्पा! बाप्पा बाप्पा!" करत होती, आणि ते आनंदानं होतं की भीतीनं हे तिलाही ठाऊक नसावं.

अंकुरभाऊनं हेल्मेटं घट्ट केली, हवा पाहिली, प्रत्येकाचा ब्रेक दाबून पाहिला. आत्याच्या ब्रेकची मूठ चांगली घट्ट लागत होती. "वा ताई, काय चमकवली गाडी! बाकीच्यायनं शिका रे." आत्या फुलली.

मग धडा. "हे पहा, एकच ध्यानात ठेवा. जिकडे पाहसान तिकडे सायकल जाईन. दगडाकडे पाह्यलं का दगडावरच जासान. वळणाच्या पुढं पाहा."

"म्हणजे समोर पाहू?" आत्यानं विचारलं.

"समोर नाही तं कुठं, ताई?"

"नाही, मले सवय नाही ना बावा."

सगळ्यात आधी बापूसाहेब निघाले, मग आत्या, तिच्यामागं मी. बाकीचे वर रांगेत. सुरुवात सपाट, सागाच्या झाडांमधून. आत्याची पाठ ताठ, खुंट्यासारखी. मग वाट डावीकडे वळते आणि एकदम खाली पडते. ते मोठं वळण. तिथून अख्खी टेकडी पायाखाली दिसते.

"इथं उतरते मी," मला ऐकू आलं. "मिठू, मांगं थांब, इथं उतरते."

तिनं ब्रेक दाबले. टेकडीवरून एक आवाज गेला, कींईईईईईई! भरलेली एस.टी. बाजारात थांबते ना, तसा. पण एस.टी. थांबते. आत्या थांबली नाही. तिनं पुन्हा दाबले. कींईईईई! सायकल गेली ती गेलीच.

आणि मग आत्याच्या गळ्यातून, तिला न विचारता, नोकरी बाहेर पडली.

"सरका! सरका सरका सरका! वकीलसाहेब, बाजूले व्हा! दारात उभं राहू नका! अहो तुमालेच सांगून राह्यली! गाडी थांबणार नाही, गाडी डायरेक्ट आहे!"

"अहो अहो अहो," बापूसाहेब म्हणाले आणि अतिशय सभ्यपणे घाणेरीच्या झुडपात शिरले.

कललेल्या वळणाच्या भिंतीवर आत्या अशी चढली, की मला वाटलं आता ती बागेत जाऊन संत्रीच तोडेल. पण नाही, ती फिरली! उंचवट्यावरून वर, खाली, वर, खाली, आणि दर वेळी "माय वो! माय वो!" शेवटी वाट पुन्हा चढाला लागते, सायकल आपोआप मंदावावी म्हणून अंकुरभाऊनं ठेवलेला चढ. तिथं ती हळू झाली, थांबली आणि संत्र्याच्या पहिल्या झाडाला मिठी मारून उभी राहिली.

वरून टाळ्या, शिट्ट्या. "ताईंचा थांबा गेला! ताई एक्सप्रेस झाल्या!" एकेक जण खाली आला. झुडपातून बापूसाहेब आले, पँटभर काटे घेऊन. दिलदार माणूस, हात जोडून म्हणाले, "रागिणीताई, आपला पाय लागला नाही. आपण घाटात सायकलवर. निकाल जाहीर!"

मी तर नाचायलाच लागले. आत्या मात्र झाड सोडेना.

"ताई, खुश नाही काय?" अंकुरभाऊ म्हणाला.

"थांबा जी," आत्या म्हणाली. श्वास लागला होता. "टाया नका वाजवू. मी उतरली नाही ते खरं. पण मले उतरताच आलं नाही. ब्रेक लागले असते तं मी त्या वळणावर उतरून चालत आली असती. सायकलनं आणलं मले. मी नाही आली."

अंकुरभाऊनं सायकल उलटी केली, चकतीवर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हे तेल कायचं?"

"शेंदराचं. काल दसरा नोहता काय?"

"अन् ब्रेकाच्या चकतीले लावलं?"

"चाकाच्या मधात लावलं. बसच्या बी तिथंच लावतो आमी."

"बसचं ब्रेक अंदर असते ना ताई! तुमचं हे बाहीर आहे, ह्या चकतीले दाबूनच सायकल थांबते! अन् वरून फडक्यानं पुसून सगयीकडे पसरवलं. मी म्हटलं, एवढी काहून चमकून राह्यली!"

एक क्षण आत्या त्याच्याकडे पाहत राहिली. मग अशी हसली की पोट धरून बागेतच बसली. सगळेच हसले. "म्हणजे देवानंच ब्रेक सोडले होते माहे!" ती डोळे पुसत म्हणाली.

"निकाल तरीही कायम राहील," बापूसाहेब म्हणाले. "नियमात ब्रेकचा उल्लेख नाही."

"तुमचा निकाल राहू द्या. माहा नाही लागला." ती उठली. "अंकुरभाऊ, ब्रेक दुरुस्त होते काय?"

अंकुरभाऊनं चकत्या स्पिरिटनं पुसल्या, तेल प्यालेले ब्रेक-पॅड काढून नवे घातले आणि आत्याला सपाटीवर पुन:पुन्हा ब्रेक दाबायला लावले. आता सायकल जागच्या जागी उभी राहत होती, शेळीनं पाय रोवल्यासारखी. आत्या प्रत्येक वेळी ब्रेककडे असं पाहायची, जणू तो नव्यानं भेटला आहे.

पुन्हा वर. या वेळी बाकीचे सगळे खाली संत्र्याच्या झाडांपाशी, माना वर करून. वर आम्ही दोघीच, ती पुढं, मी मागं.

सागाची झाडं आली, गेली. मोठं वळण दिसलं. आत्यानं ब्रेक दाबले आणि ते लागले, आवाज न करता, लगेच. सायकल इतकी मंद झाली की डुलायला लागली. तिचा उजवा पाय पॅडलवरून सुटला. मी मागं ब्रेक धरून. आता टेकणार. पाय हवेत, टाच मातीपासून वीतभर. अख्खी टेकडी तिच्या समोर पसरली होती आणि या वेळी थांबणं तिच्या हातात होतं.

मी एका घंटीची वाट पाहत होते.

टण टण.

दोन वाजल्या! पाय पॅडलवर, मान वर, नजर वळणाच्या पार पुढं, आणि गेली! भिंतीवर चढली ती स्वतः, कलली ती स्वतः, उंचवट्याआधी थोडा ब्रेक, मग सोडला, मग थोडा, मग सोडला. मी तिच्या मागं जीव खाऊन ओरडत होते. ती ओरडत नव्हती. ती गुणगुणत होती, भाजी निवडताना गुणगुणते तशी.

खाली आल्यावर तिनं ब्रेक दाबला आणि बरोबर बापूसाहेबांच्या चपलेपुढं थांबली. मगच पाय टेकला.

"आता वाजवा टाया," ती म्हणाली.

टाळ्या थांबेपर्यंत बापूसाहेब पँटचे काटे काढत राहिले. मग म्हणाले, "रागिणीताई, माझी एक विनंती आहे. घाटात आपण सर्वांच्या पुढे असावे."

"पुढं?" आत्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि चेहरा असा, की मला त्याची नक्कल करायची हिंमत होत नाही. "चालन. पण पाहा बरं वकीलसाहेब, माही पाठ दिसन तुमाले रस्ताभर. आजवर कोण्या प्याशिंजरानं पाह्यली नाही ते."