खोबरेकर बाईंचं शनिवारचं गाऱ्हाणं

खोबरेकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टाफरूमच्या मधोमध डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या आणि भोवतीचे पाच शिक्षक एका सुरात म्हणत होते, "व्हय म्हाराजा!" बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सांगली जिल्ह्यातून गणिताचा शिक्षक म्हणून मी मालवणच्या आमच्या शाळेत रुजू व्हायला आलो होतो. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. बॅग घेऊन दारात उभा राहिलो आणि वाटलं, आपण चुकून देवळात शिरलो. पाठोपाठ दुसरा विचार आला तो परतीच्या एसटीचा. एवढ्यात बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "इलात? बसा, चाय घेवा. तुमचो नंबर पुढच्या शनवारी."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे गावात काही कार्य असलं किंवा संकट आलं, की गावचे मानकरी देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. बाईंनी हीच रीत स्टाफरूममध्ये आणली होती. दर शनिवारी शाळा सुटली की दार लोटायचं आणि आठवडाभर मनात साठलेलं ज्याला सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगायचं. ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" याखेरीज एक शब्दही बोलायचा नाही. सल्ला नाही, समजूत नाही, "एवढं काय त्यात" तर मुळीच नाही. मग चहा, आणि सोमवारी त्यातलं कुणी काही काढायचं नाही. यातला म्हाराजा नेमका कोण, असं मी एकदा आमचे विज्ञानाचे काझीसर यांना विचारलं. ते म्हणाले, "तां ज्याचा त्यान ठरवचा. माझो वेगळो, बाईंचो वेगळो. ऐकता मात्र दोघांचाय."

शिक्षकाचा शीण दिसत नाही, ही त्यातली खरी पंचाईत. लोक म्हणतात, तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या. पण एखादं पोर डबा न आणता येतं, एखाद्याच्या पाठीवर बापाच्या पट्ट्याचा वळ असतो, एखादीची आई दवाखान्यात असते. हे सगळं अपूर्णांक शिकवता शिकवता आपल्या डोक्यात शिरतं आणि पुढच्या तासाला आपण हसतमुखाने वर्गात जायचं असतं. बाईंना हे फार आधी कळलं होतं. त्यांच्या आई मालवणच्या बाजारात मासे विकायच्या. टोपली घरी आणली की ती आधी धुवून उपडी घालायची, मगच जेवायला बसायचं, हा त्यांचा नेम. "नायतर वास घरभर होता," बाई सांगायच्या. शनिवारचं गाऱ्हाणं म्हणजे त्यांच्या लेखी टोपली धुणंच होतं.

पहिली दोन वर्षं मी फक्त "व्हय म्हाराजा" म्हणत राहिलो. माझा नंबर आला की म्हणायचो, माझं काही नाही. आम्हा घाटावरच्या माणसांना मन मोकळं करणं म्हणजे चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या वर्षी मनालीचं प्रकरण झालं. देवबागची ही मुलगी नववीत होती. एका दुपारी मी संगणकावर शाळेची माहिती भरत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "सर, थोडा बोलाचा होता." मी मान वर न करता म्हणालो, "नंतर ये." दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. घरचा फोन लागेना. मुलींमध्ये कुजबुज होती; एक म्हणे लग्न ठरलं, दुसरी म्हणे घरी काही झालं. मी तिच्या घरी जाऊन चौकशी करायला हवी होती, पण काय ऐकावं लागेल याची मला भीती वाटत होती. तीन आठवडे मी वर्गातला तिचा रिकामा बाक टाळत राहिलो. ज्याला दारात उभी असलेली मुलगी दिसत नाही, त्याने शिकवू नये, असं मनाने घेतलं. राजीनामा लिहिला आणि खिशात घालून शनिवारी शाळेत गेलो.

त्या शनिवारी नंबर आल्यावर मी उभा राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. मध्येच रडू फुटलं एवढं आठवतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" ऐकू येत होतं, काझीसरांचं सर्वांत मोठ्याने. कुणी माझी पाठ थोपटली नाही, की तुमचा काय दोष असंही म्हटलं नाही. त्याचंच मला बरं वाटलं. संपल्यावर बाईंनी जत्रेतल्या गोड खाज्याची पुडी सोडली आणि विचारलं, "कागद आसा काय कोणाकडे?" हुंदके देता देता मी खिशातला कागद काढून दिला. बाईंनी तो उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि त्यावर गुळाने चिकट झालेलं खाजं ओतलं. "अक्षर बरा आसा तुमचा," एवढंच म्हणाल्या. सगळ्यांनी खाजं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई माझ्या खोलीच्या दारात हजर. "चला, देवबागेक जावया. माका सुरमई घेवची आसा." बाईंचं घर मालवणच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर. सुरमईसाठी देवबाग गाठायची गरज नाही, हे माझ्यासारख्या घाटावरच्यालाही कळत होतं. रिक्षा थेट मनालीच्या घरापुढे थांबली. तिची आई अंगणात जाळं पसरत होती. "मनाली? ती गेली सावंतवाडीक, मामाकडे. थयच्याच शाळेत जाता. दाखलो न्हेवक येवचा ऱ्हवला ओ सर, कामाच्या गडबडीत." आणि आत जाऊन त्यांनी एक कंपासपेटी आणली. माझीच होती, मी मनालीला वापरायला दिलेली. "ही परत देवक इली होती ती त्या दिवशी."

मी तिथेच अंगणात खाली बसलो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. परत येताना बाई रिक्षात म्हणाल्या, "तीन आठवडे रिकामी टोपली डोक्यार घेवन फिरलात ओ सर. मान दुखली ना?" आणि थोड्या वेळाने, जरा कडक आवाजात, "पण परत कोण दारात उभा ऱ्हवला, तर मान वर करा." मी अजून शिकवतो आहे आणि मान वर करतो. सुरमई मात्र आम्ही घेतलीच नाही.

बाई सगळ्यांचं ऐकायच्या, पण स्वतःचं कधीच सांगायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझा घरचा आसा. तां घराकच घालूक व्हया." दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या तोवर ते तसंच राहिलं होतं.

गेल्या महिन्यात, बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची बातमी द्यायला आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. चहा झाला आणि काझीसर म्हणाले, "बाई, आज शनवार." बाईंनी पदर सावरला. मग उठल्या, डोळे मिटले, हात जोडले.

"बा म्हाराजा, तेहतीस वर्षां मी लोकांच्या पोरांशी गोड बोललंय. सगळो धीर शाळेत संपयलंय आणि घराक येवन माझ्या एकुलत्या चेडवार, वैशालीर, वरडलंय. तिना कधी काय विचारूक नाय, मीया कधी सांगूक नाय. तिची माफी मागूची ऱ्हवली हा, म्हाराजा."

इतक्या वर्षांची सवय, पण साथ द्यायचं आम्ही सगळेच विसरलो. स्वयंपाकघराच्या दारात बाईंची मुलगी, वैशालीताई, खाज्याची बशी घेऊन उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मग बशी खाली ठेवून पुढे आल्या. "आये, माका म्हायत होता गो. इतकी वर्सां कित्याक ठेवलंस?" बाई आधी रडल्या आणि मग हसल्या. आम्हीही.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते मी माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत, बाईंनी शिकवलेल्या रीतीने चिंततो. बा म्हाराजा, आज आमच्या खोबरेकर बाईंका साठ वर्षां पुरी झाली. तेंच्या गुडघ्यांका बळ दी, डोळ्यांका उजेड दी. तेंनी आमचा सगळ्यांचा ऐकल्यानी, आता तेंचा ऐकणारा माणूस जन्मभर तेंच्याबरोबर ऱ्हवांदे. आणि तेंका शंभर वर्षां हसत ठेव रे म्हाराजा!

याचं उत्तर वाचणाऱ्यांनी द्यायचं आहे. वैशालीताई, सुरुवात तुम्ही करा.