हिसकावलेला पेढा

लेकीच्या हातातला देवाचा प्रसाद मी हिसकावून घेतला, हे आधी कबूल करतो.

सायलीला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. तेव्हापासून ती रोज इन्सुलिन टोचून घेते. आमच्या रिहे गावात आम्ही हे कुणाला कळू दिलं नव्हतं. हिच्या लग्नाचं कसं व्हायचं, ही एकच धास्ती. कॉलेजात गेल्यावर ती आपल्या आजाराचे व्हिडिओ टाकू लागली. सुई कुठं टोचते, डब्यात काय नेते, कंटाळा आला की कशी रडते, सगळं हसत सांगायची. माझ्या भावाने ते पाहिले. ‘‘दादा, पोर दवंडी पिटतीया. स्थळं येत्याल का?’’ मी एकही न बघता तिला सगळे पुसायला लावले.

पुढच्याच महिन्यात भैरवनाथाची जत्रा होती. दर्शनाच्या रांगेत तिची जेवणाची वेळ टळली. पुजाऱ्याने हातावर पेढा ठेवला, तेव्हा तिचा हात थरथरत होता. ती तो तोंडाकडे नेणार इतक्यात मी काढून घेतला. ‘‘देवाची झाली तरी साखरच ती,’’ असं वर ऐकवलंही. ती पुटपुटत पायरीवरच बसली, घामाने भिजलेली. साखर वाढायचीच भीती माझ्या डोक्यात; मला वाटलं, ऊन लागलं.

तेवढ्यात मेंढरं राखणारी एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. ‘‘आरं, साखर उतरलीया तिची! आन तो पेढा हिकडं.’’ माझी मूठ उघडून तिने तो सायलीला भरवला. ‘‘चाव बाय, चाव.’’

हळूहळू सायलीची नजर थाऱ्यावर आली. मी विचारलं, ‘‘आजी, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘हिनंच शिकिवलं की! आमी माले गावचं. माज्या नातीला बी ह्योच आजार हाय. मोबाईलवर हिचं बघून ती आता सोता टोचून घेती. आन तू गं, हल्ली कुटं गायब? नात रोज इचारती.’’

‘‘परीक्षा होती, आजी,’’ सायली म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तशा अवस्थेतही तिने मला सांभाळून घेतलं.

हिच्या पाठीशी कुणीतरी उभं राहू दे, एवढंच मी आठ वर्षं नाथाकडे मागत होतो. त्याने ते ऐकलं होतं. माणसं जोडायची वाट तिच्याच तोंडून काढली होती, आणि मी ती बुजवत होतो. त्या पायरीवर मी माझी धास्ती त्याच्या पायाशी ठेवली. ती पुन्हा उचलावीशी अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी मीच तिला नव्या व्हिडिओसाठी फोन उभा करायला सांगितला आणि त्याच्यासमोर बसलो.

‘‘अप्पा, जरा सैल बसा. पासपोर्टचा फोटो नाहीये.’’

फोनकडे न बघता मी तिच्याकडे बघितलं. ‘‘सायली, लाज मला वाटत होती, म्हणून लपायला तुला लावलं. तुझ्या तोंडचा घास काढला. मला माफ कर, बाळा.’’