कोपऱ्यातला ठिपका

रत्नागिरीतल्या आमच्या इंटरनेटच्या ऑफिसात भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. प्रत्येक कनेक्शनचा एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. कोपऱ्यातला ठिपका राजापूरजवळच्या आमच्या घराचा. तिथे आई एकटी असते. वीज फुकट जळायला नको म्हणून ती झोपताना राउटरचं बटण बंद करते आणि सकाळी उठल्यावर चालू करते. असू दे गं चालू, म्हणून किती कानीकपाळी ओरडले! ऐकेल तर ती आई कसली. शेवटी मीच म्हटलं, "बरंय, तू उठलीस की मला इथे कळतं तरी." तेव्हापासून चहाच्या आधी बटण, हा तिचा नेमच झाला.

एका संध्याकाळी मी सर्व्हरचा कर्नल, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा गाभा, अपग्रेड करून तो रीस्टार्ट केला. स्क्रीन हिरवागार. खुशीत घरी गेले.

सकाळी आले तेव्हाही आईचा ठिपका हिरवा होता. मग जयगडहून फोन सुरू झाले, नेट बंद आहे म्हणून. स्क्रीनवर तर जयगड हिरवं! मी गिऱ्हाइकांवरच खेकसले, आधी तुमचे राउटर बघा. फोन थांबेनात तेव्हा लॉग उघडला आणि हबकलेच. कनेक्शनं तपासून ठिपक्यांचे रंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमला नव्या कर्नलवर परवानगीच मिळाली नव्हती. रीस्टार्टनंतर तो सुरूच झाला नव्हता, आणि स्क्रीन काल संध्याकाळचं चित्र दाखवत बसला होता.

परवानगी दिली, प्रोग्रॅम चालू केला. जयगड लाल झालं. त्यामागोमाग कोपऱ्यातला ठिपकाही लाल झाला. अकरा वाजून गेले होते.

मी घरी फोन लावला. आईचा फोन नुसता वाजत राहिला. शेजारच्या काकींना लावला, त्या धावल्या. आई पडवीत पडलेली होती. पहाटे पाय घसरला, तो मोडलाच. फोन आत स्वयंपाकघरात.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा काकी तिच्यावरच चिडल्या होत्या. "अगो, सकाळी मी तुझ्या कुंपणाकडनं फुलं काढून गेलंय. हाक तरी मारायचीस!"

"बोभाटा कशाला उगाच?" आई म्हणाली. "बटण बंद हाय म्हंजे हिला दिसलं असंल. निघाली असंल, म्हटलं."

मग माझा हात धरून तिने हळूच विचारलं, "एस्टी मिळाली नाय का गो लवकर?"