अठरा तारखेची नोंद

दीक्षा कुरणेचं काम चुका शोधायचं. शाहूपुरीत सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सात जणांनी मिळून गुळासाठी ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची डिजिटल साखळी, उभी केली. सहा जण ती लिहायचे आणि दीक्षा ती कुठं मोडते ते बघायची. गुळाच्या प्रत्येक रव्यावर, म्हणजे ढेपेवर, एक चौकोनी शिक्का असायचा. त्यावर मोबाइल धरला की ऊस कुठला, गुऱ्हाळ कुणाचं, तपासणीत काय निघालं, सगळं समोर यायचं. एकदा पक्की झालेली नोंद कुणालाच पुसता येत नव्हती, अगदी त्या सात जणांनाही.

म्हणून दीक्षानं एक नियम लावला होता. नोंद पक्की करण्याआधी गुऱ्हाळवाल्याला फोन करायचा, तारीख आणि निकाल वाचून दाखवायचा आणि त्यानं ‘व्हय’ म्हटलं की मगच बटण दाबायचं. तरीही चूक झालीच, तर दुरुस्तीची नवी नोंद जोडायची आणि गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी-शेजारी दिसू द्यायच्या.

तिचे वडील गणपती यांनी कागलकडच्या एका गुऱ्हाळात तीस हंगाम चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जळणाला उसाचं चिपाड घातलं होतं. लेक नेमकं काय करते ते त्यांनी एकदा समजावून घेतलं. ऐकून ते म्हणाले, “पुसता येत न्हाय म्हंजे लय जपून लिवाय लागत आसंल.”

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही टीम आपल्यात घेतली. ज्यानं हे सगळं सुरू केलं तो ऋतुराज विभागप्रमुख झाला. ताराबाई पार्कात नवं ऑफिस आलं. पहिलं वर्ष खरोखर चांगलं गेलं. गुळामागून हळद आली, कॉफी आली, राज्यं तीन झाली. दिवसाला शंभर नोंदी व्हायच्या तिथं दहा हजार होऊ लागल्या आणि एवढ्या ओझ्याखालीही यंत्रणा अडली नाही. त्या आठवड्यात दीक्षानं घरी पेढे नेले होते.

मग पुण्याहून विचारणा झाली, की एका नोंदीला चार मिनिटं कशाला लागतात?

ऋतुराज तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “फोन बंद करूया, दीक्षा. दहा हजार फोन कोण करणार?”

“निदान वाईट निकाल आला तर करूया की, दादा. ते शेकड्यात दोन पण नसतात.”

“सोमवारच्या मीटिंगला मला प्रगती दाखवायची आहे. फोनशिवाय चालतं, अशा चाचणीच्या अहवालावर तू सही कर. पुढं काही अडचण आली तर बघू.”

तिनं दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. सातातले दोघं तोवर सोडून गेले होते आणि आडमुठी म्हणून आपलं नाव पुण्यापर्यंत जावं असं तिला वाटत नव्हतं. पुढच्याच महिन्यात फोन थांबले आणि मोबाइलवरचा पडदाही बदलला. गिऱ्हाइकाला आता फक्त हिरवी किंवा लाल खूण दिसायची.

जानेवारीत एक बाई ऑफिसात आल्या. संयोगिता पाटील, राधानगरी रस्त्याला त्यांचं गुऱ्हाळ. फडक्यात बांधलेला रवा त्यांनी दीक्षाच्या टेबलावर ठेवला.

“माझ्या गुळात रंग उजळायची हायड्रॉस पावडर हाय म्हंत्यात. ह्यो लाल ठिपका बगून वेपाऱ्यानं गाडी माघारी धाडली. आमी मळी काढाय भेंडीच्या पाण्याबिगर दुसरं काय घालत न्हाय, बाई.”

दीक्षानं नोंद उघडली. “काकू, अठरा डिसेंबरला तुमच्याकडनं नमुना घेतलाय.”

“अठराला? त्या दिवशी रस उकळायची काईल गळाय लागलीती. तीन दिस गुऱ्हाळ बंद हुतं. गावात कुणालाबी इचारा.”

दीक्षानं त्या दिवसाच्या नमुन्यांची यादी काढली. नमुने गोळा करताना दोन गुऱ्हाळांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, हे तिनं तासाभरात शोधून काढलं. तारीख वाचून दाखवणारा एक फोन झाला असता, तर ही नोंद पक्कीच झाली नसती.

त्याच दुपारी तिनं दुरुस्तीची नोंद जोडली. लाल खूण मात्र तशीच राहिली, कारण नवा पडदा पहिलीच नोंद दाखवत होता. तो बदलायला पुण्याची परवानगी लागायची आणि पुण्याहून उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू.

संध्याकाळी तिनं रव्याचा तुकडा घरी नेला. गणपतींनी तो उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला. “एवढा काळपट गूळ हायड्रॉसचा आसतोय व्हय? कुणी लिवलं हे?”

“आम्हीच, आबा. सही माझी आहे.”

गणपतींनी उरलेला तुकडा तिच्या हातात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. फोनचा नियम काढणं चूक होतं, त्या चुकीला मी सही करून मंजुरी दिली, आणि तिच्यामुळं एका बाईच्या मालाला खोटा डाग लागला, असं सरळ लिहिलं. पाठवण्याआधी ऋतुराजनं ते वाचलं. “हे गेलं तर टीमचं नाव खराब होईल. तुझं पण.”

“संयोगिताकाकूंचं तर झालंच आहे, दादा.”

तिनं पत्र पाठवलं.

लाल खूण निघायला सहा आठवडे लागले. तोवर संयोगिताकाकूंचा व्यापारी दुसरीकडं वळला होता आणि उरलेला ऊस त्यांनी बिद्रीच्या साखर कारखान्याला घातला होता. फोनचा नियम परत आला, पण फक्त वाईट निकालांसाठी. वार्षिक सभेत ही सुधारणा पडद्यावर दाखवली गेली, तेव्हा दीक्षाला बोलावलं नव्हतं. तिला चाचणीवरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं होतं.

यंदा गुऱ्हाळं सुरू झाल्यावर तिनं संयोगिताकाकूंना फोन केला.

“काकू, या वर्षी शिक्के पाठवू का?”

“नगं बाई. तू भली हाईस. पर नगं.” त्यांनी गुऱ्हाळ कसं चाललंय ते थोडं सांगितलं, काकवी न्यायला ये म्हणाल्या आणि फोन ठेवला. दीक्षानं समोर उघडलेलं पुस्तिकेचं पान बंद केलं. मग तिनं ऋतुराजला निरोप पाठवला, की चाचणीच्या कामावर परत घ्या, नाहीतर मी निघते. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.