शिशाचे मणी

सुगंधा घाडीची बदली सहारच्या विमानतळावर झाली तेव्हा दिंडोशीच्या वसाहतीत तिच्यापेक्षा शेजाऱ्यांचाच ऊर जास्त भरून आला. कालपर्यंत पोलीस ठाण्यात पाकीटमार बायकांवर पहारा देणारी पोरगी आता रोज विमानं बघणार! गिरणी बंद पडल्यापासून बाप घरी बसून होता. तोही भेटेल त्याला सांगत सुटला, की आमच्या सुगंधाने हो म्हटल्याशिवाय विमान हलत नाही. अगदीच थाप नव्हती ती. विमानं पळवून नेल्याच्या बातम्या येत होत्या आणि झडतीशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असा कडक हुकूम सुटला होता. बायकांची झडती सुगंधाकडे होती, पडदा लावलेल्या एका खोक्यात.

खोकं कसलं, दोघी उभ्या राहिल्या की हवेलाही जागा नाही. पण सुगंधाला ते काम मनापासून आवडलं. शेठाणी असो नाहीतर आया, अंगाला परका हात लागला की सगळ्या सारख्याच आक्रसायच्या. म्हणून तिने आपली एक रीत काढली. हात लावण्याआधी सांगायचं, आता खांदे बघते हं, आता कंबर. आणि नजर बाईच्या चेहऱ्यावर ठेवायची. बायका सैल पडायच्या. तिचे वरिष्ठ श्यामकांत साहेब मात्र या लाडीगोडीवर वैतागायचे. माणसाची गेलेली लाज चार दिवसांत भरून येते, गेलेलं विमान येत नाही, असं ते ऐकवायचे. सुगंधाला ते पटायचंही आणि टोचायचंही.

एका सकाळी बहारीनच्या विमानाच्या रांगेत मनोरीच्या दोन कोळणी होत्या, ल्युसी आणि तिची नणंद रीटा. ल्युसीची लेक तिकडे बाळंत व्हायची होती. दोघीही पहिल्यांदाच विमानात बसणार, त्यामुळे लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. ल्युसी आधी आत आली. सुगंधाने हातातलं धातू शोधायचं यंत्र तिच्या छातीपाशी नेलं आणि ते डाव्या बाजूला जोरात किंचाळलं. ल्युसीने दोन्ही हात छातीवर घट्ट आवळले आणि ती भिंतीला जाऊन चिकटली.

बाहेरून साहेबांनी लगेच आवाज दिला, जे सापडलं ते टेबलावर आणा. नियमच होता तो, लोखंड असो की पितळ, सगळ्यांसमोर टेबलावर. बाई साधी दिसते म्हणून सोडावी, तर साध्या दिसणाऱ्यांनीच घात केल्याचं तिने ऐकलं होतं. त्या विमानात पोरंबाळं होती.

"मावशी, बघितल्याशिवाय मी सोडणार नाही," ती म्हणाली. "पण मलाच दाखवा. दुसऱ्या कुणाला नाही."

ल्युसीने हुक काढले. डावीकडे छातीच नव्हती, नुसता आडवा व्रण होता. परळला कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि ते फक्त तिच्या नवऱ्याला, जॉनला, ठाऊक होतं. घरात पोटातली गाठ काढली म्हणून सांगितलं होतं. त्या जागी तिने कापसाची पिशवी शिवली, पण ती हलकी, सारखी खांद्याकडे चढायची. मग जाळं विणणाऱ्या त्या बाईने जाळं पाण्यात तळाला राहावं म्हणून लावतात तेच शिशाचे मणी पिशवीत शिवून टाकले. सुगंधाला एकदम हसू आणि रडू बरोबरच आलं. काय डोकं बाईचं!

"भायेर नणंद हाय माझी," ल्युसी कुजबुजली. "तिला कललं तं सगल्या गावाला कलंल."

तेवढ्यात पडदा हलला.

"साहेब, पडद्याला हात लावू नका," सुगंधा ओरडली. वरिष्ठाला असं बोलण्याची तिची पहिलीच वेळ. मग तिचे हात भराभर चालले. पिशवीची शिवण उसवली, कापूस पिंजून पाहिला, एकेक मणी बोटांनी चेपून पाहिला. ल्युसीच्या थैलीत लेकीसाठी नेलेले तांदूळ होते. मण्यांच्या जागी ते भरले, आपल्या वेणीची रिबीन सोडून पिशवीचं तोंड बांधलं आणि यंत्र पुन्हा फिरवलं. ते गप्प राहिलं. बाहेर बहारीनच्या प्रवाशांना शेवटची हाक चालली होती.

सुगंधा एक वेणी सुटलेली घेऊन बाहेर आली आणि तिने मणी टेबलावर ओतले.

"जाळ्याचं शिसं आहे साहेब. विमानाला धोका नाही."

"कुठे होतं?"

"ते मी बघितलंय. उद्या काही झालं तर माझी वर्दी उतरवा, पण ते सांगणार नाही."

साहेबांनी मणी चाळवले, तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि ल्युसीला जाऊ दिलं.

मग रीटा आत आली. बडबडी बाई, पण पडदा पडताच तिने सुगंधाच्या सुटलेल्या वेणीकडे पाहिलं आणि तिचं मनगट धरलं.

"नीट बांधलंस ना गं बाय? तितं अजून दुखतंय तिला." आणि सुगंधा काही बोलायच्या आत म्हणाली, "मला ठाव हाय ते तिला सांगू नको. लपवून ठेवलंय म्हणून तं ती हसत्येय."

सुगंधाने मान हलवली. मग सांगून सवरून, खांद्यापासून पायापर्यंत, रीटाची पुरी झडती घेतली.