विहीणबाईंचा पलंग

जे घर मी मोडलं, ते अस्तित्वातच नव्हतं. तरीही त्याची माफी मागायला मला सहकुटुंब सिल्लोडला जावं लागलं.

सिल्लोड म्हणजे आमच्या मृण्मयीचं होणारं सासर, आमच्या होणाऱ्या जावयाचं, निखिलचं गाव. सुपारी फुटली होती, साखरपुडा महिन्यावर आला होता आणि मुलीच्या बापानं ज्या एका व्यक्तीला चुकूनही दुखवायचं नसतं, तिलाच मी रडवलं होतं. विहिणीचा रुसवा ही काय चीज असते, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या आत्याच्या लग्नात वरमाईच्या ताटात फुटका पापड आला म्हणून सगळी पंगत ताटकळली होती. (शेवटी आजोबांनी हात जोडून पापड बदलून दिला.) तो तर नुसता पापड होता. मी आख्खी भिंत पाडली होती!

त्याचं असं झालं. मृण्मयी घरांच्या सजावटीचं काम करते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी एक ऑनलाईन स्पर्धा ठेवली. हल्ली मोबाईलवर एक खेळ आहे. त्यात नुसत्या बोटानं घर बांधता येतं. भिंती उभ्या करायच्या, पलंग टाकायचा, पडदे लावायचे. सिमेंट लागत नाही, गवंडी दांड्या मारत नाही, बिलावर कुणाची सही लागत नाही. (त्यामुळं मला तो प्रकार पहिल्यापासूनच संशयास्पद वाटला.) स्पर्धेचं नाव 'माझी खोली'. ज्यानं त्यानं टोपणनाव घेऊन एक खोली बांधायची आणि परीक्षकांनी आत फिरून मार्क द्यायचे. तीन परीक्षकांपैकी एक ऐनवेळी गळाला.

"बाबा, तुम्ही बसा ना परीक्षक म्हणून," मृण्मयी म्हणाली. "तुम्ही इंजिनियर आहात."

ते खरं आहे. मी सरकारी खात्यात शाखा अभियंता आहे. आख्ख्या नोकरीत ज्याकडं बोट दाखवून 'हे माझं' म्हणावं असं एकच काम आहे: एका विश्रामगृहाची मागची भिंत. तीही पाहायला मागं जावं लागतं. त्यामुळं कुणी आपल्याला आदरानं परीक्षक म्हणतंय म्हटल्यावर मी लगेच इस्त्रीचा शर्ट घातला आणि सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलो.

खेळात माझ्या वतीनं फिरायला एक बाहुला होता. पंचविशीतला, भरघोस केसांचा, पायात पांढरेशुभ्र बूट. माझी बायको सुनंदा चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"अहो, बूट काढा की! लोकांच्या घरात चाललात."

"ते निघत नाहीत."

"मग मी नाही बघणार असलं." (बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.)

पहिली खोली ढगावर होती. मी शेऱ्यात लिहिलं, 'पाया दिसत नाही.' दुसरीची फरशी काचेची आणि खाली मासे. लिहिलं, 'पुसणार कोण?' तिसरीत एका भिंतीच्या जागी धबधबा होता. आमच्या शहरात नळाला पाणी येणार असलं की माणसं रजा टाकून घरी थांबतात, आणि इथं आख्खी भिंत वाहत होती, खाली साधी बादलीसुद्धा न लावता! तिथं मी निर्दयपणे मार्क कापले आणि तिन्ही शेऱ्यांखाली आणखी एक ओळ घातली, 'पाणी साठवायची सोय नाही.'

मृण्मयीनं मागून डोकावून शेरे वाचले. "बाबा, पाणी साठवायची सोय नाही, असं काय लिहिलंय प्रत्येकाला? ही स्वप्नातली खोली आहे. स्वप्नात ड्रम नसतात."

"माझ्या असतात," मी म्हणालो.

ती कपाळाला हात लावून कामाला निघून गेली. ती थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. (हा दोष मी तिच्यावर ढकलत नाही. ढकलून पाहिला, सुनंदानं ढकलू दिला नाही.)

मग ती खोली आली. मालकाचं टोपणनाव होतं 'पांढरं सोनं'. आता पांढरं सोनं म्हणजे कापूस, कापूस म्हणजे सिल्लोडचा बाजार आणि सिल्लोडच्या बाजारात कापसाचा व्यापार करणारे म्हणजे आमचे होणारे व्याही भाऊसाहेब, एवढी साखळी कुठल्याही शहाण्या माणसानं जोडली असती. मी खोली बघत बसलो. कारण खोली खरंच सुंदर होती. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, एक फडताळ, त्यावर तांब्याचा तांब्या, मोठी खिडकी, खिडकीत झोपलेलं मांजर आणि बाहेर हिरवा डोंगर. समोर साधा लाकडी पलंग. ढग नाही, मासे नाहीत. मला आत बसून चहा प्यावासा वाटला.

"अगंबाई!" सुनंदा ओरडली. "अहो, दक्षिणेला पाय!"

खेळाच्या कोपऱ्यात होकायंत्र असतं. त्यात पाहिलं, तर खरंच! खिडकी दक्षिणेला आणि पलंगाचा पायथाही तिकडंच. यमाच्या दिशेला पाय करून कुणी झोपतं का?

"कुणीतरी पोरसवदा असेल बिचारी," सुनंदा हळहळली. "सांगायला घरात मोठं माणूस नसेल. बाकीचे परीक्षक मार्क कापतील हो."

मी तसा कुणाचं नुकसान पाहू न शकणारा माणूस आहे. (माझ्या हातून झालेली बहुतेक नुकसानं त्यातूनच झालेली आहेत.) पलंगावर बोट ठेवलं, तर खेळ म्हणाला, 'घरमालकानं पाहुण्यांना सामान हलवण्याची परवानगी दिलेली आहे.' मला तो शुभसंकेत वाटला. नुसता पलंग उलटा फिरवायचा, एवढंच तर होतं.

पलंग फिरू लागला. पण पलंग लांब, खोली अरुंद. फिरता फिरता त्याचा कोपरा भिंतीत घुसला. खेळानं विचारलं, 'अडथळा काढून टाकायचा का?' मी 'होय' दाबलं. (सरकारी नोकरीत माणूस आधी सही करतो, मग वाचतो.) अडथळा म्हणजे भिंत होती. भिंत गेली. भिंतीतली खिडकी गेली. भिंतीवर टेकलेलं छत गेलं. फडताळ मात्र तांब्यासकट हवेत तसंच राहिलं!

"अहो, मांजर! मांजर बघा!"

खिडकी गेली होती, पण खिडकीत झोपलेलं मांजर होतं त्या जागी हवेत तसंच झोपून होतं. त्या वेळी आमच्या तिघांत शांत असं तेवढंच होतं.

"मागं घ्या ना ते!"

"घेतोच आहे!" म्हणत मी एक बटण दाबलं. ते 'जतन करा' निघालं.

इथं मृण्मयीला फोन करावा, हे एखाद्या सरळ माणसाला सुचलं असतं. मला सुचलं ते असं की, भिंतच तर आहे, आणि आपण इंजिनियर आहोत! पाहुण्याला त्या खेळात फक्त फुकटचं सामान मिळतं: करडी भिंत, पत्र्याचं छत, ट्यूबलाईट, प्लास्टिकची खुर्ची आणि निळा ड्रम. मी करडी भिंत उभी केली. खिडकी काही केल्या बसेना, म्हणून वर एक झरोका ठेवला. ट्यूबलाईट लावली. ड्रम ठेवला. (ड्रमची गरज नव्हती, पण असू द्यावा.) पलंग उत्तरेला पाय करून नीट लावला. मांजर काही खाली उतरेना. मग जरा मागं सरकून पाहिलं, तर आमच्या विश्रामगृहाची चौथ्या नंबरची खोली हुबेहूब तयार झाली होती!

मन खायला लागलं. प्रायश्चित्त म्हणून मी त्या खोलीला दहापैकी दहा दिले.

बाकीचे दोन परीक्षक पुण्याचे होते. त्यांनी खोल्या माझ्यानंतर पाहिल्या. एकानं लिहिलं, 'सरकारी उदासीनतेवर इतकं बोचरं भाष्य क्वचितच पाहायला मिळतं.' दुसरीनं लिहिलं, 'हवेतल्या मांजरानं अंगावर काटा आणला.' आणि 'पांढरं सोनं' यांच्या खोलीला पहिलं बक्षीस जाहीर झालं. मी टाळ्या वाजवल्या. आपल्या हातून एका अनोळखी मुलीचं भलं झालं, असं समजून डोळेसुद्धा पुसले.

त्याच संध्याकाळी मृण्मयी फोन कानाला लावून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, बक्षिसासाठी खरं नाव पाहिलं, तर ती खोली निखिलच्या आईंची आहे. त्यांनी घरात कुणालाच न सांगता भाग घेतला होता. निखिल म्हणतोय, बक्षीस मिळालं म्हणून सांगायला गेलो तर आई रडतेय. म्हणतेय, ही खोली माझी नाहीच, कुणीतरी माझं घर पाडलंय." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "बाबा, तिथं निळा ड्रम कुठून आला?"

सुनंदानं पेढ्यांचा बॉक्स आणायला पिशवी काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. फुलंब्रीला चहाला थांबलो. सुनंदा सांगत होती, "गेल्या गेल्या वाकून नमस्कार करा. मग बोला. भिंत म्हणू नका. किरकोळ दुरुस्ती म्हणा."

सिल्लोडला दारातच भाऊसाहेब आनंदानं पुढं आले. "या या व्याही! असं न कळवता?" त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. विहीणबाई, म्हणजे पुष्पाताई, पाण्याचे ग्लास घेऊन आल्या. डोळे अजून सुजलेले होते. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं.

"ताई," मी म्हणालो, "तुमची खोली मी पाडली."

भाऊसाहेबांनी दचकून मागच्या खोलीकडं पाहिलं.

"ती नाय वं," पुष्पाताई म्हणाल्या. "मोबाईलमधली."

"मोबाईलमधली? म्हंजी कानात ते घालून तू कीर्तन ऐकत नव्हतीस?"

"तुमी गप बसा जरा." त्या माझ्याकडं वळल्या. "मला सांगा, का पाडली?"

मी सगळं सांगितलं. पलंग, कोपरा, अडथळा, ड्रम. किरकोळ दुरुस्ती हा शब्द आठवलाच नाही. शेवटी म्हणालो, "ताई, तुमचे पाय दक्षिणेला होते. तुम्हाला ठाऊक नसेल, असं वाटलं."

"मला ठाऊक नसंल?" पुष्पाताईंनी ग्लास खाली ठेवला. "अवो, जल्मभर दुसरं ऐकलंय काय मी! माहेरी खुलताबादला माझ्या खोलीची खिडकी दक्षिणेला. तिकडं पाय करून पडलं की पडल्या पडल्या डोंगर दिसायचा. आई करू देईना. हितं आले, सासूबाई करू देईनात. त्या गेल्या, तर आता हे करू देत नाहीत. म्हनलं, मोबाईलमधी तरी आपल्या मनानं एक पलंग टाकावा, तिथं कोण येतंय बघाया!" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तर तुमी आलात!"

आपल्या मुलीचं लग्न एका पलंगाच्या पायथ्याशी येऊन अडकलंय, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"आन् ते सामान हलवायचं मीच उघडं ठेवलं व्हतं," त्या पुढं म्हणाल्या. "पाव्हणा येनार म्हनल्यावर कडी कशी लावायची? मला काय म्हाईत, पाव्हणा भिंतच पाडंल!"

मी हात जोडले.

"हात नका जोडू. हात धुवा आन् बसा हितं. भिंत बांधायचीय."

आणि मग तिन्हीसांजेपर्यंत मी माझ्या विहीणबाईंच्या हाताखाली काम केलं. नोकरीत मला इतका कडक वरिष्ठ कधी मिळाला नाही. "वाकडी हाय." "परत पाडा." "आता बरी पाडता येईना व्हय?" भाऊसाहेब मागं उभं राहून, आपल्या घरात आपल्याला न विचारता आणखी एक घर आहे, या धक्क्यातून सावरत होते. डोंगर परत खिडकीत आला. मांजर खिडकीवर टेकलं. शेवटी पलंग फिरवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातून काढून घेतला आणि दक्षिणेला पाय स्वतःच्या बोटानं केले.

सुनंदाच्या तोंडून नकळत 'अगंबाई' निघालंच.

"सुनंदाताई, तुमीबी एकदा झोपून बघा तशा," पुष्पाताई म्हणाल्या. "मेलं तर मोबाईलमधीच मेलं ना!" आणि त्या हसल्या. त्यांच्या मागोमाग सुनंदा हसली. भाऊसाहेबांनी "आता पेढे उघडा," म्हटलं, तेव्हा मी आल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

बक्षीस त्यांनी घेतलं नाही. "ज्यानं बांधली त्याचं," म्हणाल्या. म्हणजे हिशेबानं मी स्वतःच बांधलेल्या खोलीला स्वतःच दहापैकी दहा दिलेले होते! मृण्मयीनं नाइलाजानं निकाल फिरवला आणि पहिला नंबर ढगावरच्या खोलीला गेला. (पाया नसलेलं काम मंजूर झालेलं मी काही पहिल्यांदाच पाहत नव्हतो.)

साखरपुडा ठरल्या दिवशी थाटात झाला. मी जरा लवकरच हॉलवर पोहोचलो. लांबूनच दिसलं, की मुलामुलीचे पाट दक्षिणेकडं तोंड करून मांडलेत. हात शिवशिवले. दोन पावलं पुढंही टाकली. तेवढ्यात समोरून पुष्पाताई येताना दिसल्या, आणि मी दोन्ही हात खिशात घातले.

निखिल आणि मृण्मयी पाटावर बसले. घाईघाईत गुरुजी आले, पाहतात तो काय! "अहो, ही दक्षिण! मुलीचे वडील इंजिनियर आहेत ना? त्यांना एवढं दिसलं नाही?"

"दिसलं असंल की, गुरुजी," पुष्पाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पर आता ते इचारल्याबिगर कायबी हालवत नाहीत."

सगळा हॉल वळून माझ्याकडं पाहू लागला. मी सर्वांना मानेनंच नमस्कार केला. हात खिशातून बाहेर काढायची मला अजून परवानगी नव्हती.