उलटं झाड आणि आबांचा कोयता

सपोर्टचा फोन उचलायचं काम असलं की ऐकावं फार लागतं, आणि ऐकलेलं साचत जातं. तक्रारी लिहायला म्हणून मला ऑफिसातून एक वही मिळाली होती. परवा उघडून बघितली तर तक्रारी चार आणि बाकी सगळे किस्से! भूषण म्हणाला, "ताई, ही वही कुठल्या क्लायंटला दाखवू नका हं." म्हणून तुम्हाला सांगते.

भूषण म्हणजे आमचा मालक. एरंडोलजवळच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यातली भरल्या पगाराची नोकरी सोडून आला आणि जळगावात दोन खोल्यांचं ऑफिस टाकलं. दुसरा चेतन. तो प्रोग्रामिंगही करतो आणि डिझाइनही, त्यामुळे स्वतःला दोन माणसं समजतो. तिसरी मी. धुळ्यात अठरा वर्षं टायपिंग केलं, म्हणून मराठी मजकूर माझ्याकडे आणि फोनही माझ्याकडेच. सोमवारी बसने येते, शनिवारी घरी जाते.

आमच्या ॲपचं नाव 'फांदी'. एआयशी गप्पा मारताना सगळं एकाखाली एक उतरत जातं ना? मध्येच दुसरं काही विचारलं की आधीचं वर कुठेतरी हरवतं. आमच्याकडे तसं होत नाही. कुठल्याही उत्तरातून बाजूला नवी फांदी काढायची, जुनी जागच्या जागी राहते. अख्खं बोलणं स्क्रीनवर झाडासारखं पसरलेलं दिसतं.

एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. आम्हाला स्वतःला कळायला चार महिने लागले, ते सोडा.

*

दसऱ्याला ऑफिसची पूजा होती. भूषणचे वडील, आबा, धोतर-टोपीत आले, नारळ फोडला आणि थेट चेतनच्या स्क्रीनपुढे जाऊन उभे राहिले.

"हाई काय शे?"

"झाड आहे, आबा."

आबांनी मान तिरकी करून पाहिलं. "बूड वर आनि शेंडा खाले?"

"सगळ्या जगात स्क्रीनवर असंच काढतात, आबा," चेतन म्हणाला.

"मंग जगले सांग, एकदाव मना वावरमा ये!"

आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. ते भूषणकडे वळले. "याच हप्तामा केयी लाई शे मी. पोळाले घड उतरतीन. तवलोंग तुनं काय उभं राहस ते देखू. नही राहिनं ते परत पुना."

म्हणजे मुदत पोळ्यापर्यंत, नाहीतर परत पुणे. भूषणने मान हलवली. वडिलांना नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नाही.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात तारखा कॅलेंडरवर बघत नाहीत. सोमवारी माझी बस एरंडोल स्टँडवर थांबली की आबा खिडकीतून भूषणचा डबा माझ्या हातात देतात, आणि डब्यासोबत बातमी. "ताई, केयी कंबरलोंग उनी." मी ऑफिसात पोचून सांगते, केळी कंबरेपर्यंत आली. मग भूषण दिवसभर जास्त काम करतो आणि कमी बोलतो.

*

आमचे पहिले ग्राहक बाजारपेठेतले एक कापडवाले शेठजी. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जळगावात. दुकानाच्या दर्शनी भागात साड्या ठेवायच्या की रेडिमेड, यावरून बापलेकांचं वाजलं होतं. शेठजींनी 'फांदी'वर एक फांदी साड्यांची काढली आणि एक रेडिमेडची.

तिसऱ्या दिवशी मी सहज त्यांच्या दुकानात गेले. शेठजी फोनवर बोलून टाइप करत होते, तेही हळू आवाजात, तोंडावर हात धरून. "ये बात उधरवाले को बताना मत."

मी म्हटलं, "शेठजी, दोन्हीकडे तोच एआय आहे."

"मॅडम, मुनीम पण एकच असतो. पण माझं माझ्याजवळ बोलतो, पोराचं पोराजवळ."

मग त्यांनी परीक्षाच घेतली. रेडिमेडच्या फांदीवर जाऊन विचारलं, "साडीवाल्या फांदीत माझं काय बोलणं झालं?" उत्तर आलं की त्याबद्दल मला काही माहिती नाही. आमची रचनाच तशी आहे, एका फांदीतलं दुसरीला दिसत नाही. मी ते समजावणार, तेवढ्यात शेठजींनी फोन कपाळाला लावला.

"पक्का माणूस आहे! एवढं विचारलं, एक अक्षर फुटलं नाही तोंडातून!"

त्या आठवड्यात बाजारातल्या सहा दुकानदारांनी ॲप घेतलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, तो माणूस खरंच कोणाला सांगत नाही ना?

*

सोनगीरचे एक निवृत्त मास्तर आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं स्वागताचं भाषण त्यांनी आमच्या ॲपवर तयार केलं. पाहुणे आले तर एक फांदी, उशिरा आले तर दुसरी, आलेच नाहीत तर तिसरी. लाइट गेली तर चौथी!

भाषणाच्या आदल्या दिवशी फोन. "मॅडम, हे सगळं एका कागदावर छापता येईल का?"

मी म्हटलं, येईल, पण कागद मोठा लागेल. सरांनी सोळा कागद छापून खळीने एकाला एक चिकटवले. स्टेजवर ते पसरायला दोन शिक्षक लागले, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

पाहुणे आले नव्हते. सरांनी 'आलेच नाहीत' ही फांदी धरली. "मान्यवरांच्या अनुपस्थितीतही हा सोहळा" असं म्हणतात न म्हणतात तोच फाटकाशी जीप थांबली आणि पाहुणे मंडपात शिरले. दुसरा कोणी असता तर गडबडला असता. सरांनी चष्मा सावरला, बोट कागदावरून सरसर मागे नेलं, जिथून फांद्या फुटल्या होत्या तिथे टेकवलं आणि माइकमध्ये म्हणाले, "क्षमस्व. आपण पुन्हा वर जाऊ."

आणि "सुस्वागतम्" पासून परत सुरू! लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना वाटलं दोन्ही आपल्यासाठीच.

*

हे झालं बाहेरच्यांचं. आमच्या ऑफिसात काही कमी शहाणे नाहीत.

फांद्यांच्या रेघा सरळ असाव्यात की वाकड्या, यावरून एकदा भूषण आणि चेतनचं कडाक्याचं भांडण झालं. दोघांनी अबोला धरला. समोरासमोर टेबलं, पण "चेतनला सांगा" आणि "भूषणला विचारा" हे सगळं माझ्यामार्फत. मला टायपिंग सोडून पोस्टात लागल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटी भूषणने एका फांदीवर एआयला विचारलं, रेघा सरळच हव्यात ना? उत्तर आलं, "तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे!" चेतनने शेजारी दुसरी फांदी काढून विचारलं, वाकड्याच हव्यात ना? "तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे!" दोघांनी आपापली उत्तरं छापून भिंतीवर चिकटवली.

मी तिसरी फांदी काढली. लिहिलं, "हे दोघंही मूर्ख आहेत, असं माझं मत आहे."

"तुमचं निरीक्षण अगदी योग्य आहे!"

तेही छापलं आणि दोघांच्या मध्ये लावलं. संध्याकाळच्या चहाला अबोला सुटला. कागद अजून आहे.

*

आता आबांचा किस्सा. संक्रांतीला भूषणने आबांच्या फोनमध्ये 'फांदी' टाकून दिलं होतं. म्हणाला, "आबा, जे मनात येईल ते विचारा." आबा बोलून टाइप करायचे. एआयला त्यांची अहिराणी निम्मी कळायची, आबांना एआयची मराठी पाऊण. तरी दोघांचं जमलं म्हणे.

मग लक्षात आलं की आबांच्या खात्यातल्या फांद्या गायब होतात. लोकांनी काय लिहिलं ते आम्ही बघत नाही, पण किती फांद्या आहेत ते दिसतं. शनिवारी पाच असायच्या, सोमवारी एक!

चेतन हादरला. ॲपमध्ये बग असेल तर सगळ्यांच्याच फांद्या उडतील आणि पोळ्याची वाट बघायची गरजच उरणार नाही. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. सगळा कोड उलटापालटा केला, काही सापडेना. मी सोमवारी एरंडोल स्टँडवर डबा घेता घेता सहज विचारलं, "आबा, तुमच्या फांद्या कुठे जातात हो?"

"कथा जातीन? मी कापस ना दर रईवारले!"

"का पण?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, धुळ्याची माणसं शेती विसरली की काय. "ताई, केयीना बुडले पील फुटतस. एक ठेवनं, बाकीना कापनं. बठ्ठा ठेवात ते घड कसा पोसाई?"

केळीच्या बुंध्याशी नवे कोंब येतात, त्यांना पील म्हणतात. एक राखायचा, उरलेले कोयत्याने छाटायचे; सगळे ठेवले तर घड पोसत नाही. सगळ्या जिल्ह्यात हीच रीत. आबांनी जन्मभर तेच केलं, तेच फोनवर 'डिलीट' दाबून केलं!

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा चेतनने कपाळाला हात लावला. भूषण मात्र उठून फेऱ्या मारायला लागला. "ताई, लोकांची तक्रार हीच आहे ना, की फांद्या फार होतात, पसारा होतो?" महिनाभरात ॲपमध्ये एक बटण आलं, 'कोयता'. फांदी छाटायची, पण ती पूर्ण जात नाही. बारीक खुंट राहतो. खुंटावर बोट ठेवलं की तिथे काय होतं ते दिसतं.

ॲप वापरणाऱ्यांना आमचं बाकी काही आठवत नाही. कोयता सगळ्यांना आठवतो.

*

पोळा झाला.

पुढच्या शनिवारी आबा सकाळीच ऑफिसात आले. केळीचा पहिला घड दारात ठेवला आणि खुर्चीवर बसले. ॲप वापरणारे वाढत होते, पण छातीवर हात ठेवून 'उभं राहिलं' म्हणावं इतके नव्हते. पुण्याच्या जुन्या कंपनीचा फोन येऊन गेला होता, आणि भूषणने त्यांना अजून उत्तर दिलं नव्हतं. माझ्या नोकरीचं काय, टायपिंग धुळ्यात परत मिळालं असतं. त्या पोराकडे बघवत नव्हतं.

आबांनी खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. "पह्यले हाई दुरुस्त कर. कोयता मारा, पन खुंट निंघत नहीत. काढ ते."

"आबा, उघडू ना?"

"उघाडाशिवाय कसा काढशी?"

भूषणने फोन टेबलावर ठेवला. चेतन आणि मी दोन्ही बाजूंनी वाकलो. वर आबांचं पहिलं वाक्य होतं. 'मना पोऱ्यानी पुनानी नोकरी सोडी दिधी.' त्याच्याखाली चार फांद्या. तीन छाटलेल्या.

भूषणने पहिल्या खुंटावर बोट ठेवलं. 'त्याले परत कसा धाडू?'

दुसरा. 'जुनी कंपनी त्याले परत लेई का?'

तिसरा. 'त्याले शेतीमा कसा लावू?'

चौथी फांदी राखलेली होती. ती खाली खाली जात राहिली, बोट सरकवून संपेना. सुरुवातीला आबांनी विचारलं होतं, 'लोके इचारतस, पोऱ्या काय काम करस? माले समजाडी सांग.' उत्तर. मग, 'समजनं नही. आखो एकदाव सांग.' उत्तर. 'समजनं नही. आखो एकदाव सांग.' दर आठवड्याला तेच, पुन्हा एकदा सांग, संक्रांतीपासून. अगदी खाली, त्याच सकाळचं, एकच शब्द होता. 'समजनं.'

चेतन उठून पाणी प्यायला गेला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"काढ ना खुंट," आबा म्हणाले.

"राहू द्या, आबा," भूषण म्हणाला. त्याने फोन शर्टाच्या बाहीने पुसून त्यांच्या हातात दिला.

आबांनी फोन परत खिशात टाकला आणि दुपारच्या धुळ्याच्या बसला माझ्याबरोबरच निघाले. एरंडोलला उतरायचं होतं. माझ्या पुढच्या सीटवर त्यांना एक ओळखीचे शेतकरी भेटले. पाळधी यायच्या आत त्यांनी विचारलंच, "आबा, पोऱ्या जळगावले काय करस तुना?"

वर्षभर आबा या प्रश्नाला "कंपुटर" एवढंच म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. आज त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"देख. मानोसना तोंडमाईन बोलनं एक निंघस, पन इचार दहा ऱ्हातस. मना पोऱ्या त्या बठ्ठा इचार मांडी देस. कोनता ठेवना, कोनता कापना, ते ज्यानं त्यानं देखनं."

एरंडोलचा स्टँड दिसायला लागला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "म्हंजे नोकरी नही शे?"

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठले.

"नही. बाग शे."